इनपुट म्हणजे ऐकीव की!

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आठवडा उरला होता. रात्री साडेदहाला आमच्या पेपरच्या डेस्कवर चार ओळींची बातमी येऊन पडली. गर्दीच्या ठिकाणांबाबत 'इनपुट' मिळाले आहेत, यंत्रणा 'अलर्ट मोडवर' आहेत, 'संशयास्पद हालचालींवर' बारीक नजर आहे. इनपुट कुणाचे, कशाबद्दल, कितपत पक्के, याचा पत्ता नव्हता. पान सोडायला वीस मिनिटं उरली होती. मी मथळा ठोकला : 'यात्रेवर दहशतीचे सावट, गुप्तचरांचा गंभीर इशारा'. त्यातलं 'सावट' माझं, 'दहशत' माझी, 'गंभीर'ही माझंच. मूळ चार ओळींत यातला एकही शब्द नव्हता. पण 'इनपुट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेली जागा माणूस पदरचं घालून भरतो.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर खेळण्यांचा ठेला मांडायला आलेल्या उत्तरेकडच्या दोन पोरांना लोकांनी घेरलं. आधार कार्ड दाखव, फोन दाखव, पोत्यात काय आहे ते उपस. पोत्यातून प्लॅस्टिकच्या शिट्ट्या आणि फुगे निघाले. पोरांनी संध्याकाळच्या गाडीने गाव सोडलं. हे सगळं माझ्या मथळ्यामुळेच झालं असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण त्या वेळी कुणीतरी केलेल्या व्हिडिओत पुढं उभ्या असलेल्या एकाच्या हातात आमच्या पेपरची घडी स्पष्ट दिसते.

आमच्या गल्लीत फौजेच्या सिग्नल्स, म्हणजे संदेशवहन दलातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, मूळचे बार्शीकडचे. त्या सकाळी ते पेपर घेऊनच दारात आले. चहा नको म्हणाले. "काय लिहिलालाव ओ साहेब हे? इनपुट म्हणजे इशारा होय? कुणीतरी, कुठंतरी, काहीतरी सांगितलं, त्याला इनपुट म्हणतेत. ऐकीव म्हणा की!"

त्यांच्या या एका शब्दाने मला जे शिकवलं तेवढंच मांडायला हा लेख लिहितो आहे. सरकारची गुपितं सरकारपाशीच राहावीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण गुप्तचर खात्यांची परिभाषा जेव्हा प्रेसनोटमधून, चॅनेलवरून, पोलिसांच्या सूचनाफलकावरून माझ्या दारात येते तेव्हा तिचा अर्थ आणि तिच्यामागची खात्री किती, हे मराठीत सांगणं बोलणाऱ्यावर बंधनकारक असलं पाहिजे. आणि आम्ही पेपरवाल्यांनी ते विचारल्याशिवाय छापता कामा नये.

आता ही परिभाषा आतून कशी चालते ते थोडं पाहू, कारण ती वाटते तितकी अगम्य नाही. या धंद्यात कच्ची माहिती वेगळी आणि गुप्तवार्ता वेगळी. राज्याच्या खात्याचं नावच मुळी 'राज्य गुप्तवार्ता विभाग' आहे, आणि सरकारी मराठीत क्वचितच जमतो तसा हा शब्द झकास जमला आहे. माहिती गोळा होते, दुसऱ्या माहितीशी ताडून पाहिली जाते, तिचा अर्थ लावला जातो, आणि मग जे हाती उरतं ती वार्ता. गोळा करण्याच्या वाटांना आतली माणसं छोटी नावं देतात. माणसाच्या तोंडून आलेली ती ह्युमिंट. म्हणजे आपला जुना खबऱ्या, त्याहून जुना हेर. बिनतारी संदेश, फोन, लहरी पकडून मिळवलेली ती सिगिंट. उपग्रहाच्या किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांतून काढलेली ती इमिंट. आणि पेपर, रेडिओ, फेसबुक अशा उघड्यावरच्या गोष्टी वाचून जमवलेली ती ओसिंट. या शेवटच्या प्रकाराने माझी झोप उडवली. कारण माझा तो 'गंभीर इशारा' कुठल्या तरी कार्यालयात कात्रण होऊन ओसिंट म्हणून जमा झाला असू शकतो, आणि पुढच्या वर्षी तोच 'इनपुट' होऊन माझ्याच टेबलावर परत येऊ शकतो. धंद्यात या फेऱ्याची चांगलीच धास्ती असते : एकच अफवा दोन दारांनी आत येते आणि दोन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं.

म्हणूनच शिकलेली यंत्रणा माहितीला गुण देते. ब्रिटिश नौदलातून निघालेली आणि नाटोच्या फौजांत रुळलेली एक पद्धत आहे. माहिती देणाऱ्याला ए पासून एफपर्यंत अक्षर, माहितीला १ ते ६ आकडा. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, ई म्हणजे बेभरवशाचा. १ म्हणजे दुसरीकडून खातरजमा झालेली गोष्ट, ५ म्हणजे खरी असण्याची शक्यता फारच कमी. गंमत शेवटच्या घरात आहे. एफ-६ म्हणजे सगळ्यात खोटी माहिती असं कुणालाही वाटेल. तसं नाही. एफ म्हणजे या माणसाबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही, ६ म्हणजे या गोष्टीचा खरेखोटेपणा ठरवता येत नाही. 'माहीत नाही' याला स्वतःचा खण ठेवणं ही मोठी शहाणपणाची गोष्ट आहे, आणि आपल्या प्रेसनोटमध्ये नेमका तोच खण नसतो. आत एफ-६ असलेलं बाहेर येता येता 'खात्रीलायक सूत्रांकडून' होतं. अक्षर गळतं, आकडा गळतो, धाक तेवढा उरतो.

मोठमोठ्या यंत्रणाही इथंच ठेचकाळल्या आहेत. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सीआयएने युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे असा अहवाल दिला. शर्मन केंट हा त्या अहवालामागचा ज्येष्ठ माणूस. 'गंभीर शक्यता' म्हणजे किती, असं एका अधिकाऱ्याने सहज विचारलं. केंटच्या मनात होतं शंभरात पासष्ट. ऐकणारा चकित झाला. त्याने शब्द बराच हलका समजला होता. मग केंटने अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारून पाहिलं, तर कुणाच्या मनात शंभरात वीस, कुणाच्या मनात ऐंशी. एका टेबलाभोवती बसून, एका शब्दावर एकमत करून, सह्या करून उठलेली माणसं होती ती. त्यांची ही गत, तर नवी पेठेतल्या दुकानात पेपर वाचणाऱ्याने 'गंभीर' या शब्दाचं काय करावं?

यावर उपाय नसतो असं नाही. आपल्याच देशात एक सरकारी खातं ही गोष्ट वर्षानुवर्षं करतं आहे, ते म्हणजे हवामान खातं. 'तुरळक ठिकाणी पाऊस' हा त्यांचा हवेतला शब्द नाही. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल असा त्याचा ठरलेला अर्थ आहे; त्यापुढच्या प्रत्येक शब्दाचाही असाच मापाचा अर्थ आहे. यलो, ऑरेंज, रेड यांतला फरक आता मोहोळ-माढ्याचा शेतकरी आपल्या पोराला समजावून सांगतो. अंदाज चुकला की तो खात्याला शिव्याही देतो, आणि त्या नेमक्या देतो, कारण खातं काय म्हणालं होतं ते त्याला कळलेलं असतं. शब्दाला माप असलं की चुकीलाही माप राहतं. 'इनपुट'वर कुणाला शिवी देणार? काही झालं तर "आम्ही सांगितलं होतं", नाही झालं तर "आमच्या सतर्कतेमुळे टळलं".

इथं लष्करी बोलीबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे, नाहीतर सुभेदार पुन्हा दारात येतील. फौजेतला आखूड शब्द बहुतेक वेळा भाव खाण्यासाठी नसतो, जीव वाचवण्यासाठी असतो. वायरलेसच्या सेटवर खरखरीत आवाजात 'रॉजर' म्हणजे 'तुमचं ऐकलं', इतकंच. 'पटलं' नव्हे, 'करतो' नव्हे. करतो म्हणायचं तर 'विल्को' आहे. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. म्हणून सिनेमातला हिरो 'ओव्हर अँड आउट' म्हणतो तेव्हा सुभेदार टीव्हीसमोर कपाळावर हात मारतात : "बोल म्हणलालाय का गप बस म्हणलालाय, कळंना की!" संदेशांनाही पायऱ्या असतात, फ्लॅश सगळ्यांत आधी जायचा, रुटीन सगळ्यांत शेवटी. प्रत्येक संदेशाला फ्लॅश लावणारा माणूस तिथं मूर्ख ठरतो, कारण सगळंच तातडीचं झालं की कशालाच तातडी उरत नाही. आमच्या टीव्हीवर लाल पट्टीत दिवसभर 'ब्रेकिंग' चालू असतं त्याबद्दल फौजेला काय वाटत असेल, कल्पना करा. मे २०२५ मध्ये तर वाहिन्यांनी बातम्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवायला सुरुवात केली, तेव्हा नागरी संरक्षणाच्या अधिकाऱ्यांना लेखी सांगावं लागलं की हे बंद करा. खरा भोंगा वाजेल त्या दिवशी लोक टीव्हीचाच समजून बसतील.

त्याच आठवड्यात डेस्कवर एका बाईंचा फोन आला. "दादा, मॉक ड्रिल म्हणजे काय? पाणी भरून ठेवू का?" मी सांगितलं, सराव आहे हो, शाळेत आग लागल्याची तालीम करतात तसा. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की मला लाज वाटली. सकाळच्या अंकात 'मॉक ड्रिल' मी तीनदा छापलं होतं आणि 'सराव' एकदाही नाही.

पण सगळेच आखूड शब्द असे निर्मळ नसतात. काही शब्द वेळ वाचवतात, काही शब्द डोळे झाकतात. माणूस मारला गेला याला 'न्यूट्रलाइज' म्हणायचं. बॉम्ब पडून शेजारचं कुटुंब गेलं की 'कोलॅटरल डॅमेज'. आपल्या महाराष्ट्राने या कोशात घातलेली भर म्हणजे 'एन्काउंटर'. मूळचा अर्थ समोरासमोर गाठ पडणे, चकमक. पण मुंबईच्या गुन्हेगारी बातम्यांनी तो असा काही वापरला की आज 'त्याचा एन्काउंटर केला' असं वाक्य आपण सहज बोलतो. चकमक होते, ती कुणी कुणाची 'करत' नाही. व्याकरणच कबुलीजबाब देऊन बसलं आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकीतल्या मृत्यूंच्या तपासासाठी सोळा निर्देश घालून दिले, तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणात. मृत्यू झाला की गुन्हा नोंदवा, स्वतंत्र यंत्रणेकडून तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी करा. थोडक्यात, त्या एका इंग्रजी शब्दाखाली काय दडलं आहे ते उघडून पाहा.

उलट कधी कधी जड वाटणारा शब्द फार जपून निवडलेला असतो आणि आम्हीच त्याची माती करतो. २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटनंतर परराष्ट्र सचिवांनी त्या कारवाईला 'नॉन-मिलिटरी प्री-एम्प्टिव्ह ॲक्शन' म्हटलं. ऐकायला पोकळ. पण अर्थ असा, की आम्ही तुमच्या लष्कराला लक्ष्य केलेलं नाही, आणि हे सूड म्हणून नव्हे तर पुढचा हल्ला होऊ नये म्हणून केलं आहे. दोन अण्वस्त्रधारी देशांत युद्ध पेटू नये म्हणून तोलून वापरलेले शब्द होते ते. आम्ही मराठीत काय छापलं? 'घरात घुसून बदला'. मीही छापलं. 'लष्कराला न छेडता, हल्ल्याआधीच केलेली कारवाई' असं लिहिलं असतं तर मथळा लांबला असता खरा.

सोलापूरकराने तरी या बाबतीत जरा जास्त सावध असावं, कारण सरकारी परिभाषेचे दोन शब्द या गावाच्या अंगावरून गेले आहेत. पहिला 'मार्शल लॉ', म्हणजे लष्करी अंमल. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गाव उसळलं, गोळीबार झाला, पोलीस मागे हटले आणि काही दिवस शहर लोकांच्या हाती राहिलं. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज जातो. माझ्या आजीच्या तोंडी 'मार्शला' हा शब्द एखाद्या साथीच्या रोगासारखा यायचा : "मार्शला आल्ता तवाची गोष्ट." तिला त्याचा कायदेशीर अर्थ ठाऊक नव्हता. पण त्यात तिचं चुकत नव्हतं, कारण तो नीट कुठं लिहिलेलाच नाही. आपल्या राज्यघटनेच्या चौतिसाव्या कलमात मार्शल लॉचा उल्लेख आहे, व्याख्या नाही. ज्या शब्दाखाली या गावावर फौज आली त्याची मर्यादा आजही पुस्तकात सापडत नाही.

दुसरा शब्द 'सेटलमेंट'. रिक्षावाल्याला आजही नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ते ठिकाण म्हणजे एकेकाळची तारेच्या कुंपणातली वसाहत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारने काही जमाती 'नोटिफाय' केल्या, म्हणजे गॅझेटात नाव छापून जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, टकारी, पारधी. आत राहायचं, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय बाहेर जायचं नाही. त्या काळच्या पोलीस दप्तराला विचारलं असतं तर त्यांनी हे 'इनपुट'च्या आधारे केलं असंच सांगितलं असतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, लोक 'डी-नोटिफाय' झाले, मराठीत 'विमुक्त'. पण १९५९ च्या कायद्याने 'सराईत गुन्हेगार' हा शब्द चिकटवला आणि तारा काढल्या तरी संशयाचं कुंपण राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अजूनही सांगावं लागलं की तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतले जातीवर बेतलेले नियम घटनाबाह्य आहेत आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका. एका अधिसूचनेतल्या शब्दाला विझायला दीडशे वर्षंही पुरली नाहीत. मग 'स्लीपर सेल' हा शब्द एखाद्या मोहल्ल्याच्या नावाला चिकटवून चहाच्या गाड्यावर फिरतो तेव्हा मला धडकी भरते. स्लीपर सेल म्हणजे आदेश येईपर्यंत सामान्य आयुष्य जगणारी, ठरावीक लोकांची छुपी टोळी. ती एक तर तपासात सापडते किंवा सापडत नाही. 'इथं स्लीपर सेल असणारच' हे वाक्य गुप्तवार्ता नव्हे, गॅझेट नसलेली अधिसूचना आहे.

यावर मला हटकून मिळणारं उत्तर म्हणजे देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, सगळं उघड करता येत नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, माहिती अधिकार कायद्याच्या चोविसाव्या कलमाने गुप्तचर संस्थांना सूट आहे. असू दे. त्याच कलमात भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती सूटीतून वगळलेली आहे, हेही असू दे. मी खबऱ्याचं नाव मागत नाही. कुठला फोन ऐकला ते मागत नाही. तुम्ही स्वतःहून माझ्यापुढं बोलायला उभे राहिलात, तर जे बोललात ते ऐकीव आहे, पडताळणी चालू आहे की खातरजमा झाली आहे, आणि मी नेमकं काय करायचं, एवढंच मागतो. हे सांगितल्याने कुठल्या शत्रूचा काय फायदा होतो? मोघम बोलण्याने झालेलं नुकसान मात्र आपल्याला ठाऊक आहे. कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीला माहितीचे तुकडे जोडून पाहणाऱ्या आणि वाटून घेणाऱ्या व्यवस्थेतच उणिवा दिसल्या. २६/११ नंतर राम प्रधान समितीनेही आलेल्या सूचनांची हाताळणी कशी ढिली होती याकडे बोट दाखवलं. आतल्या लोकांतही 'अलर्ट' या शब्दाची धार गेली होती.

दुसरं उत्तर मराठीप्रेमींकडून येतं : सगळ्याला शुद्ध मराठी शब्द काढा. छत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतलाच होता ना? घेतला होता, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच काळातल्या फौजेतले 'जासूद', 'नजरबाज' हे शब्द बाहेरून आलेले होते आणि रयतेला ते कळत होते. 'बंदोबस्त' फारसीच आहे. त्याचा अर्थ आषाढीला पंढरपुरात उभ्या असलेल्या होमगार्डलाही विचारावा लागत नाही. शब्द कुठल्या गावचा यावर माझं भांडण नाही. आमच्या ऑफिसखालच्या चहावाल्याला मी एकदा विचारलं, इनपुट म्हणजे काय रे? तो कप विसळता विसळता म्हणाला, "इनपुट म्हणजे बॉम्ब." त्याने तो अर्थ माझ्याच पेपरातून उचलला होता.

या जानेवारीत पुन्हा त्याच सुमाराला, जवळपास त्याच शब्दांत चार ओळी आल्या. मी फोन लावला. पलीकडचे अधिकारी आधी वैतागले, मग म्हणाले, "पडताळलेलं काही नाही हो. दरवर्षीचं रुटीन आहे." आम्ही आतल्या पानावर दोन ओळी घेतल्या : यात्रेसाठी नेहमीप्रमाणे बंदोबस्त वाढवला आहे, ठोस माहिती कोणतीही नाही, बेवारस पिशवी दिसली तर हात न लावता ११२ वर कळवा. सकाळी वितरणवाला तणतणत आला. समोरच्या पेपरने तीच बातमी पहिल्या पानावर आठ कॉलम घेतली होती, 'सावट' घालून, आणि स्टँडवरचे त्यांचे अंक साडेआठलाच संपले होते.